देवासमोर बसताना मन नेमके कुठे अडखळते?

‘माझं मनच शुद्ध नाही, मग मी कोणत्या तोंडानं देवासमोर बसू?’ हा प्रश्न मी समुपदेशनाच्या कामात वेगवेगळ्या धर्मांच्या आणि वयांच्या माणसांकडून जवळजवळ याच शब्दांत ऐकत आलो आहे. तो विचारणारे बहुतेक जण नेमाने उपासना करणारे असतात. ज्यांना देवाशी काही देणेघेणे नाही, त्यांना तो सहसा पडत नाही. म्हणून या अस्वस्थतेकडे मी आदराने पाहतो. मात्र या एकाच वाक्यामागे दोन अगदी भिन्न दुखणी असू शकतात आणि त्यांची गल्लत झाली, की माणूस वर्षानुवर्षे भलत्याच जागी औषध लावत बसतो. एका गृहस्थांची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे देत आहे. त्यांचा धर्म कोणता, हे सांगण्याची मला गरज वाटत नाही.

ते पन्नाशी ओलांडलेले होते आणि हिशेब विभागात वरिष्ठ पदावर होते. सकाळच्या प्रार्थनेत एखादा घाणेरडा किंवा देवाची निंदा करणारा विचार मनात आला, की आतापर्यंतची प्रार्थना बाटली असे समजून ते ती पहिल्यापासून सुरू करीत. अर्ध्या तासाची प्रार्थना त्यामुळे दोन-दोन तास चाले आणि तरीही उठताना समाधान नसे. ‘इतकी वर्षं करतोय, पण मन काही धुतलं जात नाही,’ असे ते म्हणाले.

आरंभी मी त्यांना एवढेच समजावले, की मनात येणारा प्रत्येक विचार हे आपले कृत्य नसते. रॅचमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दाखवून दिले, की असे नकोसे विचार मानसिक त्रास नसलेल्या बहुसंख्य माणसांच्याही मनात येतात आणि त्यांचा आशयही फारसा वेगळा नसतो. फरक पडतो तो त्यांच्या वारंवारतेत, तीव्रतेत आणि ते झटकून टाकता येण्यात. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या माणसांच्या मनात तेच अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिले. प्रार्थनेत वाईट विचार येता कामा नये असा पहारा बसवला, तर तो विचार येणारच. हे त्यांना पटले आणि थोडे हलकेही वाटले. पण पुढच्या भेटीत ते म्हणाले, ‘डोक्याला पटतं, तरी आत काहीतरी तसंच राहतं.’

हे ‘काहीतरी’ मला महत्त्वाचे वाटले. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारा समुपदेशक आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या या पद्धतीत मोघम दुःखावर समाधान मानले जात नाही. ते नेमके कोणत्या क्षणी आणि कोणत्या विचाराबरोबर उठते, हे शोधावे लागते. म्हणून मी विचारले, ‘प्रार्थना नेमकी कुठे तुटते?’ ‘कुठेही,’ असे उत्तर आले. मी त्यांना विनंती केली, की प्रार्थनेच्या पुस्तकात जिथे अडखळाल तिथे समासात पेन्सिलने बारीक खूण करा आणि बाकी काही करू नका.

पुढच्या वेळी ते पुस्तक घेऊन आले. बरीचशी पाने कोरी होती. एका पानावर मात्र एकाच ओळीशेजारी खुणांवर खुणा पडून समास काळवंडला होता. ती ओळ आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांचे भले चिंतणारी होती. मी पुस्तक त्यांच्याकडे वळवले.

‘या ओळीपाशी कोण आठवतं?’

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आमच्याकडे एक मुलगा होता.’

हिशेबातली एक मोठी चूक त्यांची स्वतःची होती. चौकशीत ठपका त्या कनिष्ठ सहकाऱ्यावर आला. यांनी खोटे काही सांगितले नाही. फक्त गप्प राहिले. त्या मुलाची नोकरी गेली.

‘हे कुणाला सांगितलंत?’

‘देवाला. रोज सांगतो.’

‘आणि त्याला?’

त्यांनी पुस्तक मिटले आणि ते दोन्ही हातांत घट्ट धरून बसले. माझ्या दृष्टीने सगळे काम या क्षणी झाले होते. पुढचे सारे त्याचा विस्तार होता. आपोआप येणाऱ्या विचारांना ते पाप समजत होते आणि त्यांवर रोज दोन तास प्रायश्चित्त घेत होते. ज्या कृत्याची जबाबदारी खरोखर त्यांची होती, ते मात्र त्या धुण्याच्या गडबडीत तसेच पडून राहत होते. मनाचा मळ म्हणून जो ते रोज घासत होते, तो मळ नव्हताच, आणि जिथे तो होता तिथे त्यांनी हात लावला नव्हता.

‘मी नालायक माणूस आहे,’ असे ते मग वारंवार म्हणू लागले. हे मी मान्य केले नाही. एलिस यांचा कृत्य आणि माणूस वेगळे तोलण्याचा आग्रह मला येथे फार मोलाचा वाटतो. माणूस स्वतःवर संपूर्ण नालायकीचा शिक्का मारून घेतो, तेव्हा ते नम्रतेसारखे दिसते, पण त्यात एक पळवाटही असते, कारण नालायक माणसाकडून कुणी भरपाईची अपेक्षा करीत नाही. मी त्यांना म्हणालो, ‘तुम्ही एक चुकीची गोष्ट केलीत आणि ती दुरुस्त करण्याइतके तुम्ही लायक आहात.’

यावर त्यांनी मोठी रक्कम गुप्तपणे दान करण्याचा विचार बोलून दाखवला. दान चांगलेच, पण मी विचारले, ‘ज्याचं गेलं त्याला ते मिळणार आहे का?’ त्यांच्याच मनात ही शंका असावी, कारण त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

या बाबतीत मी धर्मापेक्षा वेगळे काही सांगत होतो असे मला वाटत नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील पंधराव्या स्तोत्रात परमेश्वराच्या मंडपात कोण राहू शकेल, असा थेट प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरात उपासनेच्या एकाही विधीचा उल्लेख नाही. मनापासून सत्य बोलणारा, शेजाऱ्याचे वाईट न करणारा, स्वतःचे नुकसान झाले तरी दिलेला शब्द न फिरवणारा, निर्दोष माणसाविरुद्ध लाच न घेणारा, अशी ती वर्णने आहेत. जवळजवळ सगळीच माणसाच्या माणसाशी असलेल्या व्यवहाराची. ज्यू परंपरेत योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवसही दुसऱ्या माणसाविरुद्धचा अपराध त्या माणसाचे समाधान केल्याशिवाय धुऊन काढत नाही. येशूने वेदीपुढेच अर्पण ठेवून आधी दुखावलेल्या भावाशी समेट करायला जा, असे सांगितले आहे. दुसऱ्याचा हक्क बुडवला असेल तर तो परत करणे ही इस्लाममध्ये तौबेची, म्हणजे पश्चात्तापाची, अट मानली जाते. देवाकडे जाण्याची वाट दुखावलेल्या माणसाला वळसा घालून जात नाही, याविषयी या परंपरांत मतभेद नाही.

त्या सहकाऱ्याच्या भेटीला जाण्यापूर्वी आम्ही त्यांच्या बोलण्याची तयारी केली. काय केले ते स्पष्ट शब्दांत सांगायचे, ‘परिस्थितीच तशी होती’ हे वाक्य टाळायचे आणि क्षमा मागायची, पण ती मिळावी म्हणून गळ घालायची नाही. क्षमा करणे हा त्याचा अधिकार आहे. सत्य सांगणे एवढेच आपल्या हाती असते. (आपल्या कबुलीने समोरच्यालाच नवी इजा होणार असेल, तर मात्र आधी जाणत्या माणसाशी बोलावे, आपले मन हलके करण्यासाठी दुसऱ्याचे जड करू नये.)

तो माणूस त्यांच्या गळ्यात पडला नाही. त्याने सगळे ऐकून घेतले आणि ‘हे तेव्हा बोलला असतात तर,’ इतकेच म्हणाला. मग त्याने ते लेखी मागितले. यांनी ते लिहून दिले आणि तशीच एक प्रत जुन्या कार्यालयालाही पाठवली. तिथल्या लोकांच्या नजरेतला बदल त्यांना सोसावा लागला आणि तो त्यांनी सोसला, याचे मला फार कौतुक आहे.

नकोसे विचार त्यांना अजूनही येतात. आता ते प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत नाहीत. विचार येतो, जातो आणि ते पुढची ओळ म्हणतात.

आपल्याही बाबतीत असे होत असेल, तर प्रथम हे पाहावे, की मन एखाद्या विशिष्ट माणसापाशी किंवा प्रसंगापाशी अडते का. अडत असेल, तर तिथे काय देणे राहिले आहे ते शोधावे. पुष्कळ शोधूनही तसे काही सापडत नसेल आणि तरीही पुन्हा पुन्हा स्नान, जप किंवा कबुली यांत दिवसाचे तास जात असतील, तर तो अंतःकरणाच्या शुद्धीचा प्रश्न नसून मंत्रचळाचा (ओसीडीचा) आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत, आणि अशा वेळी आणखी कडक उपासना अंगावर घेण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे.