दमा, स्कूबा आणि आंबोलीचा घाट

प्रश्न : माझे वय ४६ असून मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेबाचे काम करतो. लहानपणी मला दमा होता. आता हंगामात धूळ उडाली की छाती भरून येते आणि पंप घ्यावा लागतो. रक्तदाबाची एक गोळी रोज चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलाबरोबर तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करून त्याच रात्री परतण्याचा विचार आहे. मित्र म्हणतात, आरोग्याच्या अर्जात सगळीकडे ‘नाही’ लिही. तसे करावे का?

– एक वाचक, निपाणी

उत्तर : तसे मुळीच करू नका. तुमचा दमा लहानपणीच संपलेला नाही. ज्याला आजही पंप लागतो, त्याचा दमा चालूच आहे असे समजावे लागते.

नवख्यांना फार खोल नेत नाहीत, त्यामुळे धोका कमी, असा समज आहे. प्रत्यक्षात हवेचे आकारमान सर्वांत वेगाने बदलते ते उथळ पाण्यातच. दहा मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तेथे फुप्फुसात भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. निरोगी माणूस श्वास चालू ठेवून ती सहज बाहेर सोडतो. परंतु आकसलेल्या श्वासनलिकेमागे ती अडकली, तर फुप्फुस फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. त्यातच टाकीतली हवा कोरडी व थंड, पोहण्याचे श्रम वेगळे आणि एखादा खाऱ्या पाण्याचा तुषार घशात गेला तर तोही दम्याला निमित्त होतो.

म्हणून आधी बेळगाव किंवा कोल्हापूर येथील छातीच्या डॉक्टरांकडून, व्यायामापूर्वी आणि व्यायामानंतर, अशी फुप्फुसांची फुंकचाचणी करून घ्या. ती निर्दोष आली तरी आदल्या ४८ तासांत पंप लागला असेल, तर पाण्यात उतरू नये. पंप ओढून लगेच उतरणे तर त्याहून वाईट. रक्तदाबाच्या गोळीची चिठ्ठीही सोबत न्या, कारण ती अॅटेनोलॉलसारख्या गटातील असेल तर श्वासनलिका आणखी आकसू शकते. रक्तदाब ताब्यात असणे एवढेच पुरेसे नाही.

परतीचा बेत मात्र मुलासाठीही बदला, मग तो कितीही धडधाकट असो. पाण्याखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो; तो बाहेर पडण्याआधीच उंचावर, कमी दाबाच्या हवेत गेले तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. आणि तुमच्या परतीच्या वाटेवरचा आंबोलीचा घाट सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. डायव्हिंगनंतरच्या विमानप्रवासाचा प्रचलित नियम सुमारे ६०० मीटरांपासून पुढच्या उंचीला धरला जातो : एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर १८ तास. उथळ, थोड्या वेळच्या डुबकीत धोका कमी असला, तरी मी मालवणातच मुक्काम करायला सांगेन. रात्री सांधे दुखू लागले, हातापायांना मुंग्या आल्या किंवा बोलणे अडखळले, तर घाट न चढता जवळच्या रुग्णालयात जा, डुबकीची वेळ व खोली सांगा आणि ऑक्सिजन मागा.