गणित आणि मॅथेमॅटिकल फिजिक्स अशी जोड पदवी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की गणितही आवडतं आणि फिजिक्सही, अशा वेळी 'मॅथेमॅटिक्स विथ मॅथेमॅटिकल फिजिक्स' ही पदवी घ्यावी की सरळ फिजिक्स घ्यावं, आणि पुढे तिचा उपयोग काय. मी हीच पदवी केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ही पदवी निम्मी गणिताची आणि निम्मी फिजिक्सची नसते. ती गणिताचीच असते, फक्त तिच्यातले बरेचसे प्रश्न फिजिक्सकडून आलेले असतात. प्रयोगशाळा बहुधा नसतेच. पहिल्या वर्षी रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा, कॅल्क्युलस आणि न्यूटनचं मेकॅनिक्स. मग कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस, डिफरन्शियल इक्वेशन्स, ग्रुप थिअरी, इलेक्ट्रोमॅग्नेटिझम, फ्लुइड्स, क्वांटम. कृष्णविवरांच्या ओढीने आलेली मुलं पहिल्या सहामाहीत एप्सिलॉन-डेल्टाच्या (लिमिटच्या काटेकोर व्याख्येवरच्या) सिद्धता लिहीत बसतात आणि वैतागतात. कृष्णविवरांमागची जनरल रिलेटिव्हिटी, म्हणजे आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, येते, पण बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षी, तीही ऐच्छिक विषय म्हणून.

फरक नेमका कुठे पडतो ते एका उदाहरणातून दाखवते. क्वांटम मेकॅनिक्समध्ये स्थान आणि संवेग यांचे दोन ऑपरेटर असतात, म्हणजे एका फंक्शनवर क्रिया करून दुसरं फंक्शन देणारे नियम. त्यांना अ आणि ब म्हणू. नियम असा की 'अ गुणिले ब' वजा 'ब गुणिले अ' म्हणजे एक शून्य नसलेला स्थिरांक गुणिले आयडेंटिटी (काहीच न बदलणारा ऑपरेटर). फिजिक्सच्या वर्गात हे फळ्यावर लिहितात आणि पुढे हायड्रोजनच्या अणूकडे वळतात. गणिताच्या वर्गात कोणीतरी विचारतं की अ आणि ब या साध्या, ठरावीक आकाराच्या मॅट्रिक्स, म्हणजे संख्यांचे चौकोनी तक्ते, असतील तर? दोन्ही बाजूंचा ट्रेस घ्या, म्हणजे कर्णावरच्या संख्यांची बेरीज. गुणाकाराचा क्रम उलटा केला तरी ट्रेस तोच राहतो, म्हणून डावीकडे शून्य येतं. उजवीकडे तो स्थिरांक गुणिले मॅट्रिक्सचा आकार, म्हणजे शून्य नाही. संपलं! अशा मॅट्रिक्स असूच शकत नाहीत, अनंत मितींच्या अवकाशात जावंच लागतं. तिथेही दोन्ही ऑपरेटर एकाच वेळी बाउंडेड (फंक्शनला ठरावीक पटीपेक्षा जास्त न वाढवणारे) असू शकत नाहीत, आणि मग प्रत्येक ऑपरेटर नक्की कोणत्या फंक्शनांवर चालतो हे तपासत बसावं लागतं. हा सगळा पसारा गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनने मार्गी लावला आणि 1932 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. हे वाचताना पुढे काय होतं याची उत्सुकता वाटली असेल तर ही पदवी तुमच्यासाठी आहे. 'बरं, पण हायड्रोजनचं काय झालं?' असं मनात आलं असेल तर फिजिक्स घ्या. यात कमीपणा काही नाही, आवड वेगळी, एवढंच.

फिजिक्सवाले ढिसाळ असतात असा समज करून घेऊ नका. त्यांच्या हाताशी प्रयोग असतो, तो चुकलेलं गणित उघडं पाडतो. भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकचं डेल्टा फंक्शन घ्या. एका बिंदूखेरीज सगळीकडे शून्य, तरी इंटिग्रल, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, एक. नेहमीच्या अर्थाने असं फंक्शनच नसतं. तरीही 1920 च्या दशकाच्या अखेरीपासून डिरॅक ते बिनदिक्कत वापरत होता आणि उत्तरं बरोबर येत होती. त्याला भक्कम पाया मिळाला तो 1940 च्या दशकात लॉराँ श्वार्त्झच्या डिस्ट्रिब्यूशन्सच्या सिद्धान्ताने. त्यासाठी श्वार्त्झला 1950 मध्ये फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातला एक सर्वोच्च सन्मान, मिळालं. म्हणजे उत्तर आधी आलं, हिशोब नंतर जुळला.

याच डिरॅकचे विद्यार्थी म्हणजे भारतीय गणितज्ञ हरीश-चंद्र. 1947 मध्ये केंब्रिजहून फिजिक्समध्ये डॉक्टरेट घेतली आणि मग कायमचे गणितात गेले. आपल्या सिद्धता पुरेशा काटेकोर नाहीत, अशी तक्रार त्यांनी डिरॅककडे केली होती. त्यावर, मला सिद्धतांमध्ये रस नाही, निसर्ग काय करतो त्यात आहे, अशा अर्थाचं उत्तर मिळालं, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. मला वाटतं तुमचा प्रश्न मुळात हाच आहे: या दोघांपैकी तुम्ही कोणासारखे?

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडलं ते लाग्रांज आणि हॅमिल्टनचं मेकॅनिक्स. बलांचे बाण काढणं बंद होतं, एकच फंक्शन लिहायचं आणि त्यातून गतीची समीकरणं आपोआप बाहेर पडतात. मग एमी नोएथरचं 1918 चं प्रमेय येतं. ऊर्जा टिकते ती नियम काळानुसार बदलत नाहीत म्हणून, आणि संवेग टिकतो तो नियम जागेनुसार बदलत नाहीत म्हणून. शाळेत दोन वेगळे नियम म्हणून पाठ केलेली गोष्ट इथे एका पानात सिद्ध होते. शुद्ध गणित शिकणाऱ्यांना हे सहसा भेटत नाही. फिजिक्सवाल्यांना भेटतं, पण अनेकदा घाईघाईत.

डोकेदुखीही आहे, आणि ती कोणी आधी सांगत नाही. एकच गोष्ट दोन वर्गांत दोन चिन्हांनी शिकवतात. इनर प्रॉडक्ट (दोन व्हेक्टरांपासून एक संख्या देणारा गुणाकार) गणितात सहसा पहिल्या जागेत लिनिअर, फिजिक्समध्ये दुसऱ्या. थीटा आणि फाय या कोनांची अदलाबदल होते. फूरिए ट्रान्सफॉर्ममधला 2π कुठे ठेवायचा यावर कोणाचंच एकमत नाही. परीक्षेत पेपर कोणाचा आहे ते बघून उत्तर लिहावं लागतं.

नोकरीचं म्हणाल तर बाहेरचे लोक हिला गणिताचीच पदवी समजतात. विमा, वित्त, सॉफ्टवेअर, हवामानाची मॉडेल्स, शिक्षण, संशोधन, सगळं खुलं असतं. पण कोडिंग स्वतःहून आणि लवकर शिका. सुरुवातीला उष्णतेचं समीकरण एका मितीत, सगळ्यात सोप्या एक्स्प्लिसिट पद्धतीने, म्हणजे आत्ताच्या तापमानांवरून थेट पुढच्या क्षणाचं तापमान काढत, सोडवून बघा. डिफ्युझिव्हिटी (उष्णता किती झपाट्याने पसरते ती संख्या) गुणिले टाइम-स्टेप (एका पावलातला वेळ), भागिले दोन बिंदूंमधल्या अंतराचा वर्ग, ही संख्या अर्ध्याच्या आत ठेवली तर तापमान शहाण्यासारखं पसरतं. अर्ध्याच्या वर नेली की शेजारचे बिंदू आळीपाळीने प्रचंड धन आणि प्रचंड ऋण होत जातात आणि पडद्यावर करवतीचे दात दिसतात. असं का होतं ते कागदावर सिद्ध करता येतं. समीकरण आणि कोड दोन्ही कळणारा माणूस नोकरी देणाऱ्यांनाही हवा असतो.

प्रायोगिक फिजिक्समध्ये पुढे जायचा जरासाही विचार असेल तर मात्र ही पदवी घेऊ नका, प्रयोगशाळेची उणीव नंतर भरून काढणं जड जातं. थिअरीकडे जायचं असेल तर चालेल, पण अभ्यासक्रमात स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स आहे का ते आधी बघा, अशा पदव्यांमध्ये नेमका तोच विषय राहून जातो. आणि प्रवेश घेण्यापूर्वी, पहिल्या वर्षानंतर नुसत्या गणिताकडे वळता येतं का, हे लेखी विचारून घ्या. पहिल्या वर्षाचे विषय बरेचसे सारखे असतात, त्यामुळे तेवढी मोकळीक सहसा मिळते. फिजिक्सकडे वळणं त्या मानाने अवघड असतं.