प्रश्न तुमचे: आठशे रुपयांचा गेमिंग माऊस घ्यावा का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्हॅलोरंट हा शूटिंग गेम खेळतो, आत्तापर्यंत कॉम्प्युटरसोबत आलेल्या साध्या माऊसवरच. ऑनलाइन ७९९ ला एक गेमिंग माऊस दिसतोय, १२,८०० डीपीआय, सात बटणं, आरजीबी लाइट, रेटिंग पण बरंय. मित्र म्हणतो असले सगळे फालतू असतात, ब्रँडेड घे. बजेट ताणून ताणून १,५०० होईल. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर: मित्राचं निम्मं बरोबर आहे. आठशेतले सगळेच फालतू नसतात, पण तू जे काही लिहून पाठवलंयस त्यातल्या एकाही गोष्टीवरून तो माऊस चांगला का वाईट हे कळत नाही, आणि बॉक्सवर नेमकं तेच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं.

डीपीआय घे. माऊस एक इंच सरकवला की कर्सर किती पिक्सेल जातो, एवढाच त्याचा अर्थ. तुझी स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद असेल तर १२,८०० वर चार मिलिमीटर पण हात हलवावा लागणार नाही, तेवढ्यात कर्सर या टोकाचा त्या टोकाला. आता एवढ्याशा हालचालीत तू समोरच्याचं डोकं टिपणार कसा? शूटिंग गेमचे प्रो लोक बहुतेक करून ४०० नाहीतर ८०० वर असतात, गेममधली सेन्सिटिव्हिटी कमी ठेवतात आणि अख्खा हात फिरवतात. शिवाय स्वस्त माऊसमधला तो मोठा आकडा बऱ्याचदा खरा पण नसतो, सेन्सर, म्हणजे हालचाल टिपणारा भाग, बघतो तेवढंच बघतो आणि पुढचं सगळं गणितानं फुगवलेलं, मोबाइलवर डिजिटल झूम करतो ना आपण, तसं.

म्हणून आधी सेन्सरचं नाव शोध. पिक्सआर्ट (ही सेन्सर बनवणारी कंपनी) अमुक नंबर असं लिहिलेलं असेल तर त्या नंबरची माहिती सहज मिळते. नुसतंच 'हाय प्रिसिजन सेन्सर' लिहून सोडून दिलं असेल तर साध्या माऊसला लाइट लावलेत असं समजायचं आणि तेवढेच पैसे द्यायचे. दुसरं म्हणजे पोलिंग रेट, माऊस कॉम्प्युटरला सेकंदाला किती वेळा रिपोर्ट करतो ते. १२५ हर्ट्झ म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी, १००० म्हणजे दर एका मिलिसेकंदाला. १००० असलं की पुरे, त्याच्यावरच्या ८००० वगैरेच्या नादी तुझ्या बजेटमध्ये लागू नकोस.

माऊस आधीच मागवला असशील तर रिटर्नची मुदत संपायच्या आत दोन चाचण्या करून बघ. त्याआधी विंडोजमधलं 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद कर, ते चालू असलं की चांगला माऊस पण वेडावाकडा वाटतो. मग पेंट उघडून हातानं तिरक्या रेघा मार, रेघा आपोआप सरळ व्हायला लागल्या तर सेन्सर तुझी हालचाल स्वतःच्या मनानं दुरुस्त करतोय. नंतर गेमच्या प्रॅक्टिस रेंजमध्ये भिंतीवरचा एक ठिपका धर, टेबलावर माऊसच्या डाव्या बाजूला जाड पुस्तक टेकवून ठेव, माऊस झटकन उजवीकडे ने आणि सावकाश परत पुस्तकाला लाव. निशाणा परत त्याच ठिपक्यावर आला पाहिजे. हातभर लांब गेला तर झटक्यात सेन्सरचा हिशोब चुकतोय, गुमान परत पाठव.

सात बटणांमधलं एक बहुतेक 'फायर बटण' असणार, एकदा दाबलं की दोन-तीन क्लिक. व्हॅलोरंटमध्ये ते वापरूच नकोस, ऑटोमॅटिक क्लिकवरून अकाउंट गोत्यात यायचं.

१,५०० होत असतील तर मी सेलची वाट बघेन आणि लॉजिटेकचा जी१०२ घेईन. ८५ ग्रॅम, १००० हर्ट्झ, आणि डीपीआय किती? ८,०००. रेझरच्या डेथॅडर इसेन्शियलचा तर ६,४००. म्हणजे दोन्ही तुझ्या ७९९ वाल्यापेक्षा कागदावर कमीच, तरी खेळायला कितीतरी बरे. जी१०२ लहान आहे, पंजा मोठा असेल तर बोटं आखडतात, डेथॅडर पूर्ण तळवा टेकवणाऱ्यांना बरा पण डावखुऱ्यांच्या कामाचा नाही. पुण्याला चक्कर झाली तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत हातात धरून बघ, विकत कुठूनही घे. आणि आठशेच्या वर जायचं नसेल तर राहू दे, आहे त्या माऊसखाली मोठा कापडी पॅड टाक, शे-दोनशे उरतील वर.

प्रश्न: मुलाला घेतलेला स्वस्त गेमिंग माऊस वर्षाच्या आत एका क्लिकला दोन क्लिक करायला लागलाय. फाइल उचलायला गेलं की उघडतेच. दुरुस्त होतो का?
– एक आई, रत्नागिरी

उत्तर: ताई, बटणाखालच्या स्विचमध्ये पातळ पत्रा असतो, तो झिजला किंवा त्यावर गंज-मळ बसला की एका दाबाचे दोन दाब नोंदले जातात, आणि तुमच्याकडची दमट हवा त्यात भरच घालते. वॉरंटी असेल तर उघडू नका, बिल शोधा. माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डीबाउन्स' नावाची (पाठोपाठ आलेला दुसरा दाब न मोजणारी) सेटिंग असेल तर थोडी वाढवून बघा, काही महिने निघतात. वॉरंटी संपली असेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून नवा स्विच सोल्डर करून घेता येतो, फक्त मजुरी आधी विचारा, कारण साडेतीनशे सांगितले तर नवा साधा माऊसच घेतलेला परवडतो.