वनजमिनीतून पाइपलाइन नेण्याचा खर्च ग्रामपंचायतीने सोसावा का?

प्रश्न: मी रत्नागिरी जिल्ह्यातील सह्याद्रीलगतच्या एका गावाची सरपंच आहे. डोंगरातील बारमाही झऱ्यापासून वाडीपर्यंत शासकीय नळपाणी योजनेची १,८०० मीटर पाइपलाइन राखीव वनातून न्यावी लागणार आहे. त्यासाठी वनसंवर्धन कायद्याखाली मंजुरी घ्या आणि जमिनीचे निव्वळ वर्तमान मूल्य (वनाच्या नुकसानीपोटी भरायची रक्कम) व पर्यायी वनीकरणाचा (बदल्यात दुसरीकडे वन लावण्याचा) खर्च भरा, असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले. घरपट्टी-पाणीपट्टीपलीकडे ग्रामपंचायतीला उत्पन्न नाही. शिवाय गाव पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या यादीत आहे. आम्ही काय करावे?

उत्तर: सरपंच महोदया, आपल्याला सांगितलेला मार्ग १९८० च्या वनसंवर्धन कायद्याचा आहे. तो चुकीचा नसला तरी आपल्या कामासाठी तो एकमेव मार्ग नाही. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये, १९८० च्या कायद्यात काहीही म्हटलेले असले तरी, शासनाच्या तेरा प्रकारच्या गावसुविधांसाठी वनजमीन वळती करण्याची, म्हणजे वनेतर वापरासाठी देण्याची, तरतूद आहे आणि पिण्याच्या पाण्याची योजना व जलवाहिनी त्यांत स्पष्टपणे नमूद आहे. अटी तीन: प्रत्येक कामासाठी जमीन एक हेक्टरपेक्षा कमी हवी, झाडतोड हेक्टरी ७५ पेक्षा अधिक नसावी आणि ग्रामसभेची शिफारस असावी. चर एक मीटर रुंद धरला तर आपली गरज ०.१८ हेक्टर भरते. त्या प्रमाणात तोडता येणारी झाडे जास्तीत जास्त तेरा. तेव्हा आखणी करतानाच झाडे टाळणारी वाट निवडावी. ही तरतूद केवळ आदिवासी गावांसाठी आहे, असे उत्तर मिळाले तर कलमाच्या शब्दांत तशी अट नाही, हे लेखी निदर्शनास आणावे.

खरी कसोटी ग्रामसभेची आहे. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाच्या १८ मे २००९ च्या कार्यपद्धतीनुसार ठरावाच्या वेळी किमान निम्मे सदस्य उपस्थित असावे लागतात. निम्मे गाव मुंबईत असलेल्या कोकणात हे सोपे नाही, म्हणून चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला घरी आलेले असताना सभा लावावी. हजेरीवर सह्या सभेतच घ्याव्यात. नंतर घरोघरी फिरून गोळा केलेल्या सह्यांवर ठराव टिकत नाही. ठरावासह विहित नमुन्यातील प्रस्ताव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी. ते स्थळपाहणी करून अहवाल उपवनसंरक्षकांकडे पाठवतात, आणि उपवनसंरक्षक असहमत असल्यास प्रस्ताव जिल्हास्तरीय वनहक्क समितीपुढे जातो. म्हणजे तोंडी नकाराने प्रकरण संपत नाही.

हा मार्ग अडलाच आणि १९८० च्या कायद्याखालीच जावे लागले, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशातील सवलत पाहावी. चार इंचांपर्यंत व्यासाच्या, पिण्याच्या पाण्याच्या भूमिगत वाहिनीस एक हेक्टरपर्यंत निव्वळ वर्तमान मूल्य माफ आहे. मात्र त्यासाठी एकही झाड तोडता येत नाही, पर्यायी जागा उपलब्ध नसावी लागते आणि क्षेत्र अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाबाहेर असावे लागते. चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूची हद्द जवळ असल्यास नकाशावर ती आधी तपासावी, कारण अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव कायद्याची स्वतंत्र परवानगी लागू शकते. ज्या गावाने हे रान राखले, त्याच्याकडूनच पाण्याच्या वाहिनीसाठी रानाची किंमत मागणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून या सवलती हक्काने मागाव्यात.

संवेदनशील क्षेत्राची धास्ती या कामापुरती बाळगू नये. या क्षेत्राबाबतची केंद्र शासनाची ३१ जुलै २०२४ ची अधिसूचना मसुदा स्वरूपाची आहे. तिचा रोख खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज प्रकल्प, लाल वर्गातील (सर्वाधिक प्रदूषणकारी) उद्योग आणि २०,००० चौरस मीटर व त्यावरील बांधकामांवर आहे. गावाच्या पाण्याच्या नळावर नाही.

एक मात्र कटाक्षाने पाळावे. ठेकेदार पावसाळ्याआधी चर खोदून मोकळे होऊ म्हणेल, पण लेखी मंजुरीपूर्वी कुदळ लागली तर राखीव वनातील गुन्हा नोंदवला जाऊ शकतो आणि १९८० च्या कायद्यातील कलम ३अ व ३ब खाली कामाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीवर, म्हणजे आपल्यावरही, कारवाई होऊ शकते.