मार्चमध्ये उत्तराखंडातला चोपता-चंद्रशिला ट्रेक एका दिवसात होतो का? आम्ही कोल्हापूरची पोरं, बर्फ कधी तुडवलेला नाही
होतोय की भावा. पन्हाळा-पावनखिंड चालला असशील तर दमाचं टेन्शन नाही, बर्फाचं घे. चोपत्यापासनं तुंगनाथचं देऊळ साधारण ४ किमी, तिथनं चंद्रशिला अजून दीडेक, उंची कळसूबाईच्या दुपटीच्या वर. पहाटे बर्फ दगडासारखा असतोय, मायक्रोस्पाइक (बुटाखाली अडकवायचे लोखंडी काटे) लावले की मस्त चालता येतंय, खरं ऊन चढलं की तोच भुसभुशीत होऊन पाय गुडघ्यापर्यंत आत, म्हणून चारला निघायचं आणि दुपारच्या आत खाली. माथ्याच्या कडेला वाऱ्यानं बर्फाचा छज्जा झालेला असला तर फोटोसाठी त्यावर जाऊ नको, खाली नुसती हवा असती. गॉगल पाहिजेच, मी विसरलोवतो, दोन दिवस डोळ्यातनं पाणी! आणि देऊळ तेव्हा बंद असतंय.