आईचा गट ओ, बाळाचा बी : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात रक्तगटांवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. एकतीस वर्षं रक्तपेढीत टेक्निशियन म्हणून काम केलं, पण लोकांच्या मनात रक्तावरून एवढं काही साठलेलं असेल असं वाटलं नव्हतं. या वेळी तीनच पत्रं घेते. मधल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. जीभ दोन्ही कडांनी वर वळवून पन्हळीसारखी करता येणं हा प्रभावी गुण असतो, असं आम्हाला सांगितलं. मला जीभ वळवता येते, आई-बाबांना दोघांनाही येत नाही. वर्गातली मुलं म्हणतात, म्हणजे तुला दत्तक घेतलंय. खरं काय आहे? — एक विद्यार्थिनी, चिपळूण

बाळ, तू आई-बाबांचीच आहेस. जीभ वळण्यावरून कुणाचे आई-बाप ठरत नाहीत.

वर्गातल्या मुलांचा हिशेब मात्र बरोबर होता. प्रभावी गुण म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी दिसणारा गुण. जीभ वळणं खरंच एका प्रभावी जनुकाचं काम असतं, तर ते तुझ्या आईत किंवा बाबांत दिसायलाच हवं होतं. चूक हिशेबात नाही, शिकवलेल्या उदाहरणात आहे. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या नामांकित शास्त्रज्ञाने १९४० मध्ये जीभ वळण्याचा गुण आनुवंशिक असल्याचं मांडलं. पुढे १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांची तपासणी झाली. अशा जुळ्यांची सगळी जनुकं सारखी असतात, तरी काही जोड्यांत एकाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला नाही. स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच १९६५ मध्ये लिहून ठेवलं की हे उदाहरण अजूनही सिद्ध झाल्यासारखं दिलं जातं, याचा आपल्याला संकोच वाटतो. तरी ते वर्गावर्गांतून चालूच आहे. तुझ्या बाईंना हे उत्तर जरूर दाखव. त्या रागावणार नाहीत.

खरं उदाहरण हवं असेल तर वाटाणा घे. उसळीचा वाळलेला वाटाणा गोल गरगरीत असतो आणि गोड मटार वाळला की सुरकुततो. ग्रेगोर मेंडेल या मठवासी संशोधकाने युरोपातल्या ब्रनो शहरी, मठातल्या बागेत, गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. त्यांच्या पुढच्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. सुरकुती एक पिढी दडून बसली आणि परत वर आली. जनुक म्हणजे शरीराला एखादी गोष्ट कशी करायची ते सांगणारी कृती. साखरेपासून नीट स्टार्च बनवण्याची कृती मटारात बिघडलेली असते, म्हणून दाण्यात साखर राहते. साखरेमुळे दाणा पाणी जास्त धरतो आणि वाळताना आकसतो. प्रत्येक कृतीच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. एक प्रत चांगली असली तरी काम भागतं आणि दाणा गोल राहतो. बिघडलेली प्रत तेव्हा दिसत नाही, पण ती असते. एवढं नीट समजून घेतलंस तर पुढची दोन्ही पत्रंही तुला कळतील.

प्रश्न : माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, यजमानांचा ए पॉझिटिव्ह. मुलगा सहा वर्षांचा आहे. शाळेच्या ओळखपत्रासाठी तपासला तर त्याचा बी पॉझिटिव्ह आला. ओ आणि ए यांचं मूल बी गटाचं होऊच शकत नाही, असं यजमानांनी मोबाइलवर वाचलं. तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. सासूबाई तर तोंडावर विचारतात. देवाशपथ सांगते, माझं पाऊल कधी वाकडं पडलेलं नाही. आम्ही चार बहिणी. आई-वडील नात्यातलेच, आईने आत्याच्या मुलाशी लग्न केलं. हे सांगायची गरज आहे की नाही ते माहीत नाही. — एक भगिनी, सोलापूर जिल्हा

ताई, शेवटची ओळ लिहिलीत ते फार चांगलं केलंत. तिच्याकडे येतेच.

आधी साधी गोष्ट. शाळेतल्या शिबिरात शंभर-दीडशे मुलांचं रक्त बोट टोचून काढतात, काचेच्या पट्टीवर थेंब टाकतात आणि घाईघाईत वाचतात. नावं इकडची तिकडे होतात. तपासणीचं औषध थंड पेटीबाहेर राहून निकामी होतं. अशा गोंधळाची कागदपत्रं मी हातांनी दुरुस्त केली आहेत. तेव्हा तिघांनीही एकाच दिवशी एकाच रक्तपेढीत जा, शिरेतून रक्त द्या आणि नव्याने गट काढून घ्या. बहुतेक वेळा गाठ इथेच सुटते.

समजा, गट तेच आले. यजमानांनी वाचलं ते नेहमीच्या हिशेबाने खरं आहे, मी ते नाकारत नाही. ओ म्हणजे दोन्ही प्रती ओच्या. ए म्हणजे दोन्ही एच्या, किंवा एक एची आणि एक ओची. अशा जोडप्याचं मूल ए होईल नाहीतर ओ. बी यायला कुणाकडे तरी बी हवा.

पण तो तुमच्याकडे असू शकतो, आणि दिसत नसू शकतो.

भिंतीवर खुंटी असते तसं समजा. रक्तपेशीच्या अंगावर आधी एक खुंटी बसते, तिला एच म्हणतात. त्या खुंटीवर ए गटाचा किंवा बी गटाचा सदरा टांगला जातो. ओ गटाच्या माणसाकडे खुंटी असते, सदरा नसतो. खुंटी बसवणारं जनुक वेगळ्या गुणसूत्रावर, १९ क्रमांकाच्या, आणि सदरे ठरवणारं ९ क्रमांकाच्या. आता एखाद्याच्या खुंटीच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर घरात बीचा सदरा तयार असूनही टांगायला जागा नाही. तपासणाऱ्याला ना ए दिसतो ना बी. तो कागदावर लिहून मोकळा होतो : ओ.

हे सगळ्यात आधी आपल्या मुंबईत लक्षात आलं. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं, म्हणून जगभर याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो असं मानतात.

मी स्वतः पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या चौथ्या वर्षी, रात्रपाळीला. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसलेली बाई, कागदावर गट ओ. मी ओच्या चार पिशव्या काढल्या आणि तिच्या रक्ताशी जुळवायला घेतल्या. जुळणारं रक्त असलं की नळी हलक्या हाताने तिरपी केल्यावर तळाशी बसलेल्या पेशी धुरासारख्या अलगद वर येतात. इथे पहिल्या नळीत लाल गोळा तसाच. दुसरीत तसाच. चारही नळ्यांत गोळे. माझ्याच हातून काही बिघडलं असं वाटून मी नव्या नळ्या आणि सलाइन घेऊन सगळं पुन्हा केलं. तेच. आमचे वरिष्ठ झोपेतून उठून आले, नळी दिव्यासमोर धरली आणि एवढंच म्हणाले, "हिचं रक्त ओ गटालासुद्धा परकं समजतंय." खुंटीच नसलेल्या शरीराला खुंटी असलेल्या पेशी परक्याच वाटतात. त्यांनी एचची तपासणी करणारं औषध, म्हणजे अँटी-एच, घातलं. ओ गटाच्या पेशी त्यात लगेच गोळा होतात, हिच्या हलल्या नाहीत. तिच्या भावंडांना निरोप गेले. मधला भाऊ पहाटेच्या एसटीने आला आणि त्याचं जुळलं. ती वाचली. तिचा आधीचा ओचा कागद आमच्याच पेढीने दिलेला होता. पेशी तपासून थांबलेली अर्धीच तपासणी होती ती. त्यानंतर रक्तातल्या पाण्याचा, म्हणजे सीरमचा, दुसरा भाग केल्याशिवाय मी एकाही कागदावर सही केली नाही.

आता तुमचं घर पाहा. तुमच्याकडे बीचा सदरा असेल आणि खुंटी नसेल. मुलाला तुमच्याकडून बी मिळाला, वडिलांकडून ओ, आणि वडिलांकडूनच खुंटीची चांगली प्रत. त्याच्या अंगावर खुंटी बसली, सदरा टांगला गेला, गट बी. मूल त्यांचंच आहे. किंबहुना बापाने दिलेल्या खुंटीमुळेच तो बी दिसतोय.

आणि तुमच्या आई-वडिलांचं नातं. बिघडलेली प्रत दुर्मीळ असली तरी एका आजोबा-आजीकडून ती दोन्ही शाखांत उतरू शकते. मग आते-मामे भावंडांच्या लग्नात दोन्ही बाजूंनी येऊन एका लेकरात भेटते. मी अशा लग्नांना नावं ठेवत नाही, माझ्या माहेरीही झाली आहेत. पण दडलेल्या प्रती भेटण्याची शक्यता त्यात वाढते, हे खरं.

रक्तपेढीत गेल्यावर स्पष्ट सांगा : "पेशी आणि सीरम, दोन्ही बाजूंनी गट काढा, ओच्या पेशी लावून पाहा आणि अँटी-एच करा." तुमचा गट बॉम्बे निघाला तर तिन्ही बहिणींनाही तपासायला लावा. आई-वडील दोघे वाहक, म्हणजे एकेक बिघडलेली प्रत असलेले, असतील तर प्रत्येक बहिणीला चारांत एक शक्यता आहे, आणि बॉम्बे गटाच्या माणसाला दुसऱ्या बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. उद्या ऑपरेशनच्या वेळी हे कळणं म्हणजे फार उशीर.

या तपासण्यांतही काही सापडलं नाही तर आणखीही दुर्मीळ कारणं असतात. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या आनुवंशशास्त्राच्या तज्ज्ञांकडे जा. घरात बसून निकाल लावायची ही गोष्ट नव्हे.

दोन ओळी यजमानांसाठी. भाऊ, तुम्ही अर्धा हिशेब वाचलात आणि बायकोशी बोलणं सोडलंत. तपासणीला तिच्याबरोबर स्वतः जा. कागद हातात येण्याआधीच तिच्याशी बोला. नंतर बोललात तर तिला ते आयुष्यभर आठवेल.

प्रश्न : मुलीचा साखरपुडा झाला. गावात तपासणी झाली त्यात तिचा सिकलसेलचा कागद एएस आला. जावई होणाऱ्या मुलाचाही एएस. दोघांची एकमेकांना पसंती आहे. सोयरीक मोडावी का? आमच्या समाजालाच हा आजार का? — एक वडील, गडचिरोली जिल्हा

दादा, एएस हा आजार नाही. मुलगी निरोगी आहे, तशीच राहील. एक प्रत चांगली (ए), एक बदललेली (एस), एवढाच त्याचा अर्थ. हा ए रक्तगटातला नव्हे. त्रास होतो तो एसएसला, दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तर. रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या साखळीत १४६ मणी असतात. त्यातला सहावा मणी बदलतो, बस एवढंच. पण तेवढ्याने प्राणवायू कमी झाला की रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते, हातपाय-छातीत असह्य दुखतं. चांगली पेशी १२० दिवस जगते, वाकलेली दहा-वीस दिवसांत मोडते, म्हणून अंगात रक्त राहत नाही.

दोघं एएस असतील तर प्रत्येक खेपेला बाळ एसएस होण्याची शक्यता चारांत एक, एएसची चारांत दोन, पूर्ण निरोगी प्रतींची चारांत एक. "पहिलं एसएस झालं, आता पुढची तीन बरी होतील," असं सांगणारे भेटतील. तसं नसतं. दर वेळी चिठ्ठी नव्याने निघते.

समाजाचं म्हणाल तर हा कुणाचा दोष नाही. एएस असणाऱ्या लेकराला हिवतापाने मरण येण्याची शक्यता कमी असते, हे अँथनी अॅलिसन या संशोधकाने आफ्रिकेत १९५४ मध्ये दाखवून दिलं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे ही प्रत टिकली : आफ्रिकेत, अरबस्तानात, आपल्या जंगलपट्ट्यात. तुमच्या पूर्वजांची लेकरं त्यामुळे जगली. यावरून कुणी घराण्याला नावं ठेवली तर त्याला हे सांगा.

मोडा की करा हे मी सांगणार नाही, तुम्हीही एकट्याने ठरवू नका. दोघांना समुपदेशकासमोर बसवा. लग्न केलं तर गरोदरपणाच्या १० ते १२ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा तपासून बाळाचं कळतं, त्यासाठी मोठ्या केंद्रात आधीपासून नाव घालावं लागतं. मूल एसएस झालंच तरी आज हायड्रॉक्सियुरिया हे औषध, लसी, वेळेवर उपचार आहेत. आमच्या उमेदीच्या काळी हातात काही नसायचं, तशी अवस्था आता नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेलसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे, तपासणीला पैसे पडू नयेत.

एक गोष्ट तातडीने पाहा. गावात होते ती सोल्युबिलिटी चाचणी फक्त एस आहे की नाही एवढंच सांगते. एएस की एसएस, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या, चाचण्या केल्यावरच ठरतं. दोघांच्या कागदांवर कोणती चाचणी लिहिली आहे ते वाचा. नुसतं 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह' असेल तर जिल्हा रुग्णालयात जाऊन पुढची चाचणी करून घ्या, आणि जाताना दोघांच्या धाकट्या भावंडांनाही बरोबर न्या.