लेक फूड टेक्नॉलॉजी करते म्हणते, नोकरी टिकेल का?

वसमत तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला आहे आणि तिला परभणीला फूड टेक्नॉलॉजी करायचंय. ते लिहितात, ‘तीन एकर हळदीवर तिला शिकवलं, ते शेतीतून सुटावी म्हणून. ही पुन्हा तिकडंच निघाली. यात कायमची नोकरी आहे का?’

नमस्कार दादा,

तुमची काळजी रास्त आहे. पण लेक शेताकडे परत निघालेली नाही, शेत आणि दुकान यांच्या मधल्या जागेकडे निघाली आहे. तुम्ही हळद शिजवता, वाळवता, पॉलिश करता आणि पोतं वसमतच्या मार्केटला नेता. व्यापारी हळकुंड मोडतो, टणक आवाज ऐकतो, आतला रंग बघतो आणि भाव सांगतो. हीच पारख प्रयोगशाळेत कुरकुमीन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) आणि ओलावा मोजून करणारी माणसं लागतात. भेसळ पकडणारी, पावडरीची बॅच पास करणारी, पॅकिंग ठरवणारीही लागतात. वसमत हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन मिळालंय, पण हे काम इथं झालं नाही तर त्या मानांकनाचा पैसा दुसऱ्याच गावी जाणार.

आता टिकण्याचं. माझा एक विद्यार्थी फळांच्या पल्प कारखान्यात लागला होता. हंगाम संपला आणि त्याला घरी बसवलं. पोरगा हुशार होता, पण कारखानाच वर्षातून तीन-चार महिने चालायचा. म्हणून मी आता पगाराच्या आधी विचारायला सांगतो, ‘तुमचं मशीन वर्षाचे किती महिने चालतं?’ नुसती हळद दळणाऱ्यापेक्षा हळद, मिरची, धने असं आलटूनपालटून दळणाऱ्याकडे माणसं टिकतात. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांचीच कंपनी आहे. द्राक्षापासून सुरुवात झाली, पण पुढे टोमॅटो आणि इतर फळांवर प्रक्रियाही त्यांनी हाती घेतली. शक्य झालं तर एकदा बघून या.

सुरुवातीचा पगार पुण्याच्या आयटीपेक्षा कमी असेल, पाळीही रात्रीची असू शकते. हे तिला आजच सांगा.

परभणीचं अन्नतंत्र महाविद्यालय 1976 पासूनचं, कृषी विद्यापीठाचं आहे. बी.टेक. चार वर्षांचं, प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर. गणिताची अट माहितीपुस्तिकेत नीट वाचा. पुढे स्वतःचं युनिट टाकायचं झालं तर केंद्राने 2020 मध्ये सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं; तेव्हा ती चालू आहे का ते बघा. मात्र ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. म्हणून आधी दोन-चार वर्षं तिनं दुसऱ्याच्या कारखान्यात काढावीत, असं मला मनापासून वाटतं.

बारावीची परीक्षा आणि हळदीची काढणी एकाच वेळी येते. यंदा तिला काढणीला बोलावू नका. सीईटी झाली की एखाद्या मसाल्याच्या कारखान्यात घेऊन जा, आणि मशीन किती महिने चालतं हे तिलाच विचारू द्या.